लाल रंगातली गुलाबी रेघ

पाटी लाल होती, अक्षरं पिवळी. सहा फूट रुंदीच्या व्हिनाइलवर एका बेकरीचं नाव कन्नडमध्ये उमटत होतं. पहिला हातभर भाग कुंकवासारखा दाट आला. मग त्या लालात केसासारखी एक गुलाबी रेघ दिसली, शेजारी दुसरी, आणि दोन फूट पुढे गेल्यावर सगळा लाल रंगच विटल्यासारखा दिसू लागला. यंत्रावरचा मुलगा कोप्पळकडचा, विशीतला. त्याने छपाई थांबवली, हेड क्लीनिंगचं बटण दाबायला हात पुढे केला, आणि मागून आवाज आला, "स्वल्प इरो."

थोडं थांब. हे सांगणारे गृहस्थ मूळचे निपाणीचे. दुकानात सगळे त्यांना मामा म्हणतात; मालकही म्हणतात आणि मालकांची शाळकरी मुलगीही. मोठ्या रुंदीच्या इंकजेट यंत्रांची दुरुस्ती हे त्यांचं काम. होसूर रोडच्या दोन्ही अंगांना, बोम्मनहळ्ळीपासून बोम्मसंद्रापर्यंत, अशी यंत्रं असलेल्या दुकानांत त्यांचं जाणं-येणं असतं. त्या सकाळी ते आले, चप्पल दाराशी काढली, छापलेला तुकडा हातात घेतला आणि उजेडाकडे धरून बराच वेळ नुसते पाहत राहिले. यंत्राला त्यांनी हातसुद्धा लावला नाही.

"क्लीनिंग किती वेळा मारलंस?"

"चार, मामा."

"दर खेपेला बरं होतंय?"

"होतंय. मग परत जातंय."

"मग रोग तिथं न्हाई," मामा म्हणाले.

या अंकासाठी संपादकांनी 'दुरुस्ती' हा विषय दिला, तेव्हा घड्याळं, शिलाई यंत्रं, एस.टी.च्या कार्यशाळा असं बरंच डोळ्यांपुढे आलं. पण माझ्या मनात हेच यंत्र होतं. आपल्या गावांचे, गल्ल्यांचे, उत्सवांचे चेहरे गेली पंचवीसेक वर्षं ही यंत्रं छापत आली आहेत. वाढदिवसाच्या फलकापासून दवाखान्याच्या पाटीपर्यंत सगळं त्यांच्यातून निघतं. ती चालू ठेवणारे हात मात्र आपण कधी पाहत नाही. आणि ते पाहायला मी गेलो ते देशाच्या संगणक-राजधानीच्या अगदी टोकाला, बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत.

काचेच्या इमारतींच्या मागे

आता तिथे मेट्रो जाते. आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्रा ही पिवळी मार्गिका ऑगस्ट २०२५मध्ये सुरू झाली. मी गेलो तो सप्टेंबर होता; गाड्या मोजक्या आणि फलाटावर बराच वेळ उभं राहावं लागत होतं, तरी होसूर रोडवरची कोंडी वरून बघताना लोकांच्या चेहऱ्यांवर सुटका दिसत होती. इलेक्ट्रॉनिक सिटी, कोनप्पना अग्रहार, हुस्कूर रोड, हेब्बगोडी अशी स्थानकं जातात तशा खाली आधी काचेच्या इमारती दिसतात, मग पत्र्याची छपरं, गोदामं, गाड्यांची गॅरेजं.

कर्नाटक सरकारच्या 'केऑनिक्स' या महामंडळाने १९७०च्या दशकाच्या अखेरीला कोनप्पना अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या ३३२ एकरांवर ही वसाहत उभी केली. तिच्यामागचं स्वप्न आर. के. बालिगा यांचं. तेव्हा इथे रागीची शेतं होती. पुढे इन्फोसिस आली, विप्रो आली. पुण्यात १९८१ साली जन्मलेली इन्फोसिस दोनच वर्षांत बेंगळुरूला गेली ही गोष्ट पुणेकर आजही थोड्या हळहळीने सांगतात.

पण एवढ्या कचेऱ्या एका जागी आल्या की त्यांना पाट्या लागतात. प्रवेशद्वारावरची नावं, मजल्यांचे दिशादर्शक, काचांवरच्या जाळीदार व्हिनाइल, प्रदर्शनातले पडदे, दिवाळीच्या 'एथ्निक डे'ला फोटो काढायची पाठभिंत. शिवाय आजूबाजूच्या वस्तीतले पी.जी., खानावळी, बिर्याणीची दुकानं, दवाखाने. आणि २०२४च्या कायद्याने दुकानाच्या पाटीवर साठ टक्के जागा कन्नडला द्यावी लागते. त्याआधी डिसेंबर २०२३मध्ये शहरात यावरून मोठं आंदोलन झालं होतं. त्या कायद्यानंतर कितीतरी पाट्या नव्याने छापल्या गेल्या. ही लाल-पिवळी बेकरीची पाटीही त्यांतलीच.

दुकानाचे मालक खानापूरचे. वडील पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, ट्रकवरची नावं, लग्नमंडपांवरचे फलक ब्रशने रंगवायचे. मला हे ऐकून फार बरं वाटलं, कारण त्या पट्ट्यात या कामाला मोठी परंपरा आहे. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी पडद्यांपासून सिनेमाच्या पोस्टरांपर्यंत रंगाचा संसार केला, एम. एफ. हुसेनही मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरत होते. मालकांनी वडिलांचा एक जुना ब्रश काउंटरच्या ड्रॉवरमध्ये ठेवला आहे. केस झडलेले, दांड्यावर रंगांचे थर. "बाबा रोज संध्याकाळी रॉकेलात ब्रश धुवायचे," ते म्हणाले. "न धुता झोपले असं मला आठवत नाही. यंत्र घेतलं तेव्हा मामांनी पहिल्याच दिवशी तेच सांगितलं."

थेंब

दुकानात दोन यंत्रं आहेत. एक दहा फुटी, फ्लेक्स छापणारं, सॉल्व्हंट शाईचं. त्यात शाई उडवणारी, ५१२ छिद्रांची कोनिकाची हेडं. दुसरं सहा फुटी, इको-सॉल्व्हंट शाईचं, व्हिनाइलसाठी. त्याचं एप्सनचं हेड तळहातावर मावेल एवढं, पण त्यात ३२०० छिद्रं आहेत, प्रत्येक रंगाला आठशे. कामगारांच्या भाषेत ही छिद्रं म्हणजे 'नोझल'. एकेकाचा व्यास केसाच्या जाडीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढा.

या छिद्रांतून सेकंदाला हजारो वेळा थेंब सुटतात. थेंबाचं माप पिकोलीटरमध्ये. चार पिकोलीटरचा थेंब धरला तर एक मिलीलीटर शाईत असे पंचवीस कोटी थेंब बसतात. फ्लेक्सच्या यंत्रात थेंब मोठा, तीस किंवा बेचाळीस पिकोलीटरचा. लांबून बघायच्या फलकाला तो चालतो आणि काम झपाट्याने उरकतं.

थेंब ढकलतो कोण? प्येर क्यूरी आणि त्यांचे भाऊ जाक यांनी १८८० साली दाखवलं की काही स्फटिक दाबले की त्यांच्यात वीज निर्माण होते. उलटंही घडतं: वीज दिली की असा पदार्थ किंचित आकार बदलतो. प्रत्येक नोझलच्या मागच्या इवल्या खोलीची एक भिंत अशा पदार्थाने हलते. विजेचा ठोका मिळाला की ती आधी शाई आत ओढते, मग बाहेर लोटते. या 'पिएझो' तऱ्हेची छोटी हेडं एप्सनने १९९३मध्ये टेबलावरच्या प्रिंटरांत आणली. दुसरी तऱ्हा उष्णतेची. कॅननच्या प्रयोगशाळेत १९७७ साली शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला चुकून तापलेली सोल्डरिंगची कांडी लागली आणि टोकातून शाई उडाली, ती कथा या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. तापून बुडबुडा होतो, बुडबुडा थेंब ढकलतो. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या अभियांत्रिकी कचेऱ्यांत नकाशे काढणारे जे प्लॉटर असतात, त्यांतले बरेचसे या जातीचे.

देखभालीच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. उष्णतेची हेडं झिजणार हे गृहीत असतं. कचेरीतला माणूस ती काडतुसासारखी काढतो आणि नवी बसवतो. पिएझो हेड मात्र वर्षानुवर्षं टिकावं अशी अपेक्षा असते आणि या यंत्रात ते बदलायचं तर लाखाच्या आसपास खर्च. म्हणून मामांसारख्यांचं सगळं शास्त्र एका गोष्टीभोवती फिरतं: हेड वाचवणं.

आणखी एक गोष्ट मला इथे सांगावीशी वाटते. शाईच्या धारेने लिहिणारं पहिलं व्यवहारातलं उपकरण ज्यांनी केलं ते रूने एल्मक्विस्ट स्वीडनचे. हृदयाच्या ठोक्यांसारख्या झपाट्याने बदलणाऱ्या विद्युत लहरी कागदावर उतरवणाऱ्या यंत्रासाठी त्यांनी काचेच्या बारीक नळीतून शाईची धार सोडली. त्याचं पेटंट १९५१चं. याच माणसाने पुढे शरीरात बसवायचा पहिला पेसमेकर तयार केला, जो १९५८मध्ये स्टॉकहोममध्ये एका रुग्णाला बसवला गेला. तो रुग्ण २००१पर्यंत जगला. आधी ठोका कागदावर उतरवला आणि मग बंद पडू पाहणाऱ्या हृदयाला ठोका दिला. मामांना मी हे सांगितलं. त्यांनी हातातलं काम थांबवून ऐकलं. "म्हणजे एकाच माणसाचं काम की हे," म्हणाले, आणि यंत्राकडे पाहून हसले.

आधी वीज

मामांच्या पिशवीतून पहिल्यांदा बाहेर येतो तो मल्टिमीटर. यंत्र उघडायच्या आधी ते भिंतीतल्या सॉकेटमध्ये दोन टोकं घालतात: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि मग न्यूट्रल-अर्थ. हा शेवटचा आकडा शून्याजवळ हवा. तीन व्होल्टच्या वर गेला की ते यंत्राला हात लावत नाहीत, आधी इलेक्ट्रिशियनला फोन करायला लावतात.

कारण असं. हेडमधल्या त्या भिंतींना वीज ठराविक मापाची, ठराविक आकाराच्या लहरीत द्यावी लागते. अर्थिंग कच्चं असेल तर मदरबोर्ड आणि हेड यांच्यात भलतेच व्होल्ट फिरतात. शिवाय व्हिनाइल आणि फ्लेक्स म्हणजे प्लास्टिक. रोलवरून सुटताना घर्षणाने त्यात स्थिर वीज साठते. हवा कोरडी असेल तर हात लावताच चटका बसतो. ती ठिणगी हेडच्या पट्टीत गेली तर हेड जागच्या जागी मरतं. वीज गेली, जनरेटर लागला, परत वीज आली, या प्रत्येक झटक्याला यू.पी.एस. नसलेलं यंत्र उघडं असतं.

आणि मग बोर्डाला हेडशी जोडणारी ती चपटी केबल. पांढरी, फितीसारखी, टोकाला बारीक सोनेरी दात. क्लीनिंगचं पाणी किंवा शाई ओघळून त्या दातांत शिरली, किंवा केबल केसभर तिरपी बसली, की चालू करताक्षणी हेडही जातं आणि बोर्डही. मामा यंत्र बंद करून प्लग उपसतात, दहा मिनिटं थांबतात, केबल काढून टोकं उजेडात तपासतात, कोरडी करतात, दोन्ही अंगठ्यांनी समान दाब देऊन सरळ बसवतात. या दहा मिनिटांत ते कुणाशी बोलत नाहीत. यंत्रात साठलेली वीज उतरायला लागणारा हा वेळ गिऱ्हाईक दारात ओरडत असताना पाळणं किती अवघड आहे, हे दुकानात बसल्यावर कळतं.

त्या दिवशी सॉकेटमधला आकडा दीड व्होल्ट आला. वीज सुटली संशयातून.

पिवळ्याचा माग

लाल शाई नावाची गोष्ट यंत्रात नसते. चार बाटल्या: निळसर सायन, गुलाबी मजेंटा, पिवळा, काळा. मजेंटावर पिवळा पडला की डोळ्याला लाल दिसतो. लालात गुलाबी रेघ आली याचा अर्थ तिथे पिवळा पोचला नाही.

मामांनी नोझल चेक काढला. चारही रंगांच्या बारीक पायऱ्या-पायऱ्यांची ही छोटी आकृती. प्रत्येक नोझल आपली एक आडवी खूण उमटवतो. खूण नाही म्हणजे नोझल बंद. खूण तिरपी म्हणजे थेंब वाकडा उडतोय, कडेला काहीतरी चिकटलंय. सायन, मजेंटा, काळा वाचायला सोपे. पिवळा पांढऱ्यावर डोळ्याला दिसतच नाही. याच कारणाने पिवळ्याचा आजार सगळ्यात उशिरा कळतो.

मामांनी खिशातून मोबाइल काढला. त्यात एक नुसतं गडद निळं चित्र साठवलेलं होतं. दुकानातला दिवा मालवला, पडद्याचा प्रकाश पूर्ण वाढवला आणि मोबाइल नोझल चेकवर धरला. पिवळ्या खुणा काळ्या दिसू लागल्या. पिवळा रंग निळा प्रकाश गिळतो, म्हणून निळ्या उजेडात तो काळा पडतो. आठशे बारीक काळ्या रेघा ओळीने उभ्या. मी डोळे ताणून पाहिलं: एकही गळालेली नव्हती.

"पूर्ण हाय," मामा म्हणाले. "आता ह्याला पळवू."

त्यांनी फूटभराचा भरीव पिवळा चौकोन छापला आणि लगेच, क्लीनिंग न करता, दुसरा नोझल चेक काढला. निळ्या उजेडात आता मधले पट्टेच्या पट्टे गायब होते. पुन्हा क्लीनिंग, पुन्हा चौकोन, पुन्हा चेक. या खेपेला गायब झालेल्या जागा वेगळ्या. मामांनी तिन्ही कागद एकाखाली एक मांडले आणि त्या मुलाला जवळ बोलावलं.

त्यांनी जे समजावलं ते असं. दर वेळी त्याच जागी रेघ गळते तर शाई वाळून तिथे चोंदलंय, किंवा नोझलच मेलाय. जागा बदलत राहतात तर हवा शिरतेय, किंवा शाई पुरत नाहीय. पहिल्यापासून गळतं तर दोष हेडजवळ. सुरुवात चांगली आणि मग विरत जातं, तर हेडला तहान लागलीय, दोष मागे कुठेतरी वाटेत. क्लीनिंग करताना खालचा पंप जोराने शाई ओढतो, त्या ओढीने वाट तेवढ्यापुरती भरते आणि सगळं बरं झाल्यासारखं वाटतं. म्हणून माणूस परत परत क्लीनिंग करत राहतो. प्रत्येक क्लीनिंगला शाई जाते, पंप झिजतो, आणि रिकाम्या वाटेतून ओढलं तर हवा आणखी आत येते.

आता वाट तपासायची. हेडच्या डोक्यावर डँपर नावाची चपटी डबी असते. तिच्यात बारीक जाळी असते आणि पातळ पडदा. शाई गाळायची आणि हेड धावताना बसणारे हेलकावे सोसायचे हे तिचं काम. डँपरपासून नळी, नळी साखळीतून फिरत यंत्राच्या कडेला, तिथून शाईच्या टाकीत. मामा डँपर काढतील असं मला वाटलं होतं. ते सरळ टाकीकडे गेले. "सोपं आधी," एवढंच म्हणाले.

पिवळ्या टाकीचं झाकण त्यांनी अर्धा फेरा फिरवलं. फुस्स असा आवाज आला.

मुलाचा चेहरा उतरला. आदल्या दिवशी पिवळी शाई त्यानेच भरली होती. समोर रस्त्याचं काम चालू, धूळ येत होती. ती शाईत जाऊ नये म्हणून त्याने झाकण घट्ट आवळलं आणि झाकणातल्या टाचणीएवढ्या भोकावर चिकटपट्टी लावली. ते भोक हवा आत जाण्यासाठी असतं. शाई खाली उतरते तशी तिची जागा हवेने घ्यायला हवी. भोक बुजलं तेव्हा टाकीत पोकळी तयार झाली आणि ती शाईला मागे धरून बसली. थोडी छपाई असती तर कळलंही नसतं. पण या पाटीत लालातही पिवळा, अक्षरांतही पिवळा. अख्ख्या पाटीचा भार त्या एका नळीवर आला होता.

मामा त्याला रागावले नाहीत. "काळजीनंच केलास," म्हणाले. पिशवीतून स्पंजचा एक छोटा तुकडा काढून त्यांनी तो भोकावर बसवला: हवा जाईल, धूळ अडेल. मग एकच क्लीनिंग. पाटी पुन्हा लावली. सहा फूट लाल, एकसारखा, कुठेही रेघ नाही. मुलगा सबंध वेळ यंत्राशेजारी वाकून उभा होता. शेवटचं अक्षर आलं तेव्हा हळूच म्हणाला, "आय्तु." झालं.

धूळ, हवा आणि पट्टी

बेंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंच, हवा सौम्य. यंत्राला ती मानवते असं वाटेल, आणि वर्षातले बरेच महिने ती मानवतेही. पण मार्च-एप्रिलच्या दुपारी हवा फार कोरडी होते. तेव्हा छपाईच्या मध्येच नोझलच्या तोंडाशी शाई साकळते आणि स्थिर वीज वाढते. मालक त्या दिवसांत खोलीत पाण्याच्या पसरट परातींची रांग ठेवतात आणि आर्द्रतामापकाचा काटा चाळिसाच्या खाली जाऊ देत नाहीत. पावसाळ्यात उलट: कागद ओल पिऊन फुगतो, त्याची कड उचलते आणि दोन-तीन मिलिमीटर वरून धावणाऱ्या हेडला घासते. असा एक घासा पुष्कळ नोझल कायमचे घेऊन जातो. म्हणून रोल लावताना कडा दाबणाऱ्या पट्ट्या नीट बसल्या का, हे हाताने चाचपून बघायचं.

गिऱ्हाइकाला सगळ्या रेघा सारख्याच दिसतात. मामांना त्यांत जाती दिसतात. ठराविक अंतराने, पट्टीने आखल्यासारख्या पांढऱ्या रेघा येत असतील तर नोझलचा दोष नाही, माल जरा जास्त पुढे सरकतोय. त्याच जागी गडद रेघ येत असेल तर कमी सरकतोय आणि एक फेरी दुसरीवर चढतेय. ते माप सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त करायचं, हेडला छळायचं नाही. जड रोल अर्धा संपला की त्याचा भार बदलतो आणि मापही बदलतं. लांब कामात मधे एकदा पाहावं लागतं. अक्षरांच्या कडा दुहेरी दिसत असतील तर जाताना आणि येतानाचे थेंब एकमेकांवर बसत नाहीत.

आणि चित्रच मधून सरकलं, किंवा हेडची गाडी कडेला जाऊन धाडकन आपटली, तर मामा वर बघतात. तिथे या टोकापासून त्या टोकापर्यंत प्लास्टिकची पारदर्शक पट्टी ताणलेली असते. तिच्यावर डोळ्याला न दिसणाऱ्या उभ्या रेघा असतात, अनेक यंत्रांत इंचाला १८०. गाडीवरचा डोळा त्या मोजतो आणि त्यावरून आपण कुठे आहोत हे यंत्राला कळतं. शाईचं धुकं किंवा रुळाचं ग्रीस त्या पट्टीला लागलं की मोजणी चुकते. ती मऊ, धागे न सुटणाऱ्या ओलसर कापडाने हलकेच पुसायची. घाईत आल्कोहोल लावलं तर काही पट्ट्यांवरच्या रेघाच पुसल्या जातात. मामांनी असं एका ठिकाणी होताना पाहिलंय. सगळं यंत्र धडधाकट, फक्त आपण कुठे आहोत हे त्याला कळेना.

फ्लेक्स, कापड आणि कायदा

मार्च २०१६मध्ये कर्नाटकाने प्लॅस्टिकच्या पिशव्यांबरोबर फ्लेक्सच्या फलकांवरही बंदी आणली. ऑगस्ट २०१८मध्ये उच्च न्यायालयाने बेंगळुरूतले बेकायदा फलक उतरवायला लावले आणि महापालिकेने वर्षभर बाहेरच्या जाहिरातीच बंद केल्या. त्या महिन्यात दहा फुटी यंत्र जवळजवळ उभंच होतं, मालक सांगतात. उभं यंत्र म्हणजे वाळणारी शाई. काम नसताना रोज थोडी छपाई करून त्यांनी हेडं जगवली.

शहर फ्लेक्सच्या कचऱ्यातून सुटावं असं मला मनापासून वाटतं. पीव्हीसी कुजत नाही आणि जाळलं तर विषारी धूर होतो. घाटकोपरला १३ मे २०२४ रोजी कोसळलेल्या अजस्र फलकाखाली सतरा माणसं गेली, ते दृश्य महाराष्ट्र विसरलेला नाही. मालकांचंही याला ना नाही; ते आता कापडावर छापायला शिकतायत. पण कापडाची स्वतःची दुखणी असतात. सुती कापडाचे तंतू उठून हेडला लागतात, नोझलच्या तोंडाशी चिकटतात आणि थेंब तिरपे उडतात. त्यासाठी छापण्याआधी कापडावरून चिकट रोलर फिरवायचा, हेडची उंची जरा वाढवायची, हेड पुसणाऱ्या वायपरचा रबर दुप्पट वेळा पुसायचा. कायद्याच्या एका ओळीने खालच्या माणसाच्या रोजच्या हातांच्या सवयी बदलाव्या लागतात.

टाकाऊ शाईचाही प्रश्न आहे. क्लीनिंगची शाई खालच्या कॅनमध्ये जमते. हेब्बगोडीचं तळं इथून दूर नाही. मालक कॅन गटारात रिकामा करू देत नाहीत, घातक कचरा नेणाऱ्यांना देतात. सॉल्व्हंटचा वास अंगात बसतो. खोलीत दोन मोठे एक्झॉस्ट पंखे आणि नायट्राइलचे हातमोजे आहेत. मामा मात्र हेड हाताळताना पूर्वी मोजे घालत नसत, आणि त्यांच्या बोटांची कातडी आता कायमची कोरडी, तडकलेली आहे. नव्या मुलांना ते मोजे घातल्याशिवाय उभं राहू देत नाहीत. दिवसभर या कामात उभ्या राहणाऱ्यांच्या फुप्फुसांची आणि कातडीची नियमित तपासणी व्हायला हवी. शेजारच्या काचेच्या इमारतींत ती दर वर्षी होते. पत्र्याखालच्या दुकानांतही व्हायला हवी.

रोजचं

संध्याकाळी सात वाजता छपाई थांबते आणि मालकीणबाई आत येतात. हिशेब त्यांच्याकडे आणि यंत्राची शेवटची आवराआवरही त्यांच्याकडेच. हेड रात्री ज्या मऊ रबरी कडांच्या झाकणावर विसावतं त्याला कॅपिंग म्हणतात. त्या कडेवर वाळलेल्या शाईचा एक कण राहिला तरी झाकण नीट बसत नाही, रात्रभर हवा जाते आणि सकाळी नोझल चोंदलेले मिळतात. मालकीणबाई फोमच्या काडीने ती कड गोल फिरवून पुसतात, वायपर पुसतात, हेडच्या बाजूंना लोंबणारे तंतू टिपतात. नोझलच्या पृष्ठभागाला त्या काडी लावत नाहीत. मग ड्रॉपरने कॅपमध्ये क्लीनिंगच्या द्रवाचे काही थेंब सोडतात आणि हेड वर आणून बसवतात. सगळं मिळून बारा मिनिटं. शनिवारी थेंब जरा जास्त, कारण रविवार मधे असतो. सोमवारी सकाळी आजूबाजूच्या दुकानांतून मामांना सगळ्यात जास्त फोन येतात, ते याच बारा मिनिटांसाठी.

सकाळी पहिलं काम नोझल चेक. तो कागद फेकत नाहीत. तारीख घालून फाइलला लावतात. या फाइलमुळे कुठला नोझल कधी गेला, परत आला का, कुठल्या बाटलीनंतर रेघा वाढल्या, सगळं दिसतं. मामा आले की आधी फाइल मागतात, जसा डॉक्टर जुना केसपेपर मागतो.

खंडेनवमीला, तिकडच्या आयुधपूजेला, यंत्राची पूजा होते. हळद-कुंकवाची पूड मात्र हेडची वैरी. म्हणून मालकीणबाई कुंकू पाण्यात भिजवून त्याचा टिळा यंत्राच्या मागच्या लोखंडी पायावर लावतात, झेंडूचा हार काउंटरला घालतात आणि उदबत्ती दाराबाहेर तुळशीपाशी लावतात, कारण आत सॉल्व्हंटची वाफ असते. कोहळाही बाहेरच फोडतात.

दिवाळीला घरची मंडळी खानापूरला जातात. चार दिवस यंत्र उभं ठेवता येत नाही. मी निघायच्या आदल्या संध्याकाळी मालकांनी गेल्या वर्षीची फाइल काढून दाखवली. ३१ ऑक्टोबर २०२४, १ नोव्हेंबर, २ नोव्हेंबर, ३ नोव्हेंबर: चार कागद, चारही पूर्ण. दुसरा दिवस लक्ष्मीपूजनाचा आणि कन्नड राज्योत्सवाचाही होता. रस्त्यावर लाल-पिवळे झेंडे होते, दुकान बंद होतं. कोप्पळचा मुलगा रोज सकाळी येऊन शटर अर्धं वर करायचा, एक कागद काढायचा आणि कॅपमध्ये थेंब सोडून जायचा. १ नोव्हेंबरच्या कागदाच्या कोपऱ्यात त्याने पेनाने एक छोटी पणती काढली होती. शेजारी कन्नडमध्ये लिहिलं होतं: पिवळा पूर्ण.